सुरळीच्या वड्या चिकटतात, फाटतात, पसरतच नाहीत: नेमकं कुठे बिघडतं आणि काय करायचं

दिवाळीत घरी येणारी माणसं चार घरचे लाडू, चकल्या, करंज्या खाऊन आलेली असतात. त्यांच्यापुढे पुन्हा तळणाचं ताट ठेवण्यापेक्षा सुरळीच्या वड्या ठेवाव्यात. तळण नाही, गोड नाही, एका घासात संपते आणि ताटात मांडली की देखणी दिसते. साहित्य घरातलंच असतं, खर्चही फार नाही. तरीही पाहुणे यायच्या दिवशी ही वडी करायला बरेच जण कचरतात, कारण एकदा जमते आणि पुढच्या वेळी ताटाला चिकटून बसते.

हे नशिबावर नसतं. दहातल्या आठ वेळा बिघाड एकाच ठिकाणी असतो: पीठ किती शिजलं हे न तपासता गॅस बंद केलेला असतो. बाकीचे दोष लहान आहेत, पण तेही खाली घेतले आहेत. शेवटी कोथिंबीर वडी आणि अळूवडीच्या नेहमीच्या तक्रारीही आहेत, कारण सणाच्या ताटात या तिघी बहुधा एकत्रच येतात.

आधी प्रमाण

साधारण 150 मिलिलिटरची आमटीची वाटी घ्या. चाळलेलं बारीक बेसन हलक्या हाताने काठोकाठ भरा, दाबू नका. हे 65 ते 70 ग्रॅम भरतं. त्याच वाटीने 1 वाटी आंबटसर दाट ताक आणि 2 वाट्या पाणी. म्हणजे पिठाच्या तिप्पट पातळ. मीठ अर्धा चमचा, हळद पाव चमचा, हिंग दोन चिमूट, आलं-मिरचीचं वाटण 1 चमचा. एवढ्यात पालथ्या घातलेल्या चार मोठ्या ताटांवर पसरण्याइतकं मिश्रण होतं आणि 30 ते 35 वड्या निघतात. आठ-दहा माणसांना सुरुवातीचं खाणं म्हणून पुरतात.

बेसन दाबून भरलं तर त्याच वाटीत सहज 15-20 ग्रॅम जास्त बसतं आणि सगळं गणित बिघडतं. घरात वजनकाटा असेल तर सरळ वजन करा. लाडूसाठी आणलेलं रवाळ बेसन इथे चालत नाही; त्याचा कण पूर्ण शिजेपर्यंत पाणी आटून गेलेलं असतं आणि वडी खरखरीत होते. युरोप-अमेरिकेतल्या साध्या दुकानांत जे छोल्याचं पीठ मिळतं ते बहुधा काबुली चण्याचं असतं, आपलं बेसन हरभऱ्याच्या डाळीचं. दोन्ही पाणी सारखं पीत नाहीत. तिकडे राहणाऱ्यांनी भारतीय दुकानातलं बारीक बेसन आणावं, किंवा त्या पिठाचा पाव वाटीचा घाणा आदल्या दिवशी करून पाहावा.

तक्रार पहिली: ताटाला चिकटते, उचलायला गेलं की पिठूळ सुटते

पीठ कच्चं राहिलं. बेसनातला स्टार्च साधारण 65 ते 75 अंश सेल्सियसला पाणी पिऊन फुगू लागतो. मिश्रण दाट होतं ते इथेच, गॅसवर ठेवल्यापासून तीन-चार मिनिटांत. ते दाट झालेलं पाहून वाटतं की झालं. पण दाट होणं आणि शिजणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. कडधान्यांच्या स्टार्चमध्ये अमायलोज नावाचा भाग भरपूर असतो. पूर्ण शिजल्यावर तो कणांतून बाहेर येतो आणि गार होताना जाळं विणून पातळ थराला एकसंध पापुद्र्यासारखं धरतो. अर्धवट शिजलेल्या पिठात हे जाळं तयारच होत नाही, म्हणून थर सुटा न होता ताटाला धरून राहतो.

वर दिलेल्या प्रमाणाला जाड बुडाच्या कढईत मध्यम आचेवर दाट होईपर्यंत तीन-चार मिनिटं आणि मग मंद आचेवर आणखी पाच-सहा मिनिटं लागतात. हात थांबवायचा नाही. तयार होत आलं की मिश्रणाला चमक येते, बेसनाचा कच्चट वास जातो आणि कडेने कढई सोडू लागतं. तरी डोळ्यांवर विसंबू नका. चाचणी अशी करा: चमच्याच्या टोकाने थोडं मिश्रण एका स्टीलच्या ताटलीवर पातळ फासा, मिनिटभर थांबा, आणि कडेला नख लावून उचला. अख्खा तुकडा सुटून बोटाभोवती गुंडाळला गेला तर गॅस बंद. बोटाला चिकट लागलं किंवा मधेच तुटलं तर आणखी एक मिनिट शिजवा आणि पुन्हा बघा. चाचणी चालू असताना आच अगदी बारीक ठेवा, नाहीतर तेवढ्यात मिश्रण पुढे निघून जातं. यासाठी ताटली, चमचा ओट्यावर आधीच काढून ठेवायला हवेत.

ताटावर पसरून झाल्यावर कच्चेपणा लक्षात आला, तरीही सगळं वाया जात नाही. लगेच उलथन्याने खरवडून कढईत परत घ्या, दोन-तीन चमचे कढत पाणी घाला, रवीने घुसळून एकजीव करा आणि दोन-तीन मिनिटं शिजवा. हे पहिल्या पाच मिनिटांतच जमतं. नंतर थर गार होऊन त्याचे कण पडतात, ते मोडत नाहीत.

तक्रार दुसरी: पसरतच नाही, जाड गोळा बसतो

एकतर जास्त शिजलं, किंवा वेळेत पसरलं गेलं नाही. मिश्रण गॅसवरून उतरल्यापासून हाताशी दोन ते तीन मिनिटं असतात, त्यानंतर ते कढईतच बसू लागतं. म्हणून ताटं पालथी घालून ओळीने मांडलेली हवीत, उलथनं हातात हवं, आणि शक्य असेल तर दुसरं माणूस कढई धरायला हवं. एक जण डावाने ओततो, दुसरा पसरतो. एकट्याने करायचं असेल तर कढई कढत पाण्याच्या पातेल्यावर ठेवून द्या. आणखी दोन मिनिटं मिळतात.

दर ताटाला साधारण 100 मिलिलिटर, म्हणजे एक मोठा डाव, मिश्रण मधोमध ओतायचं आणि सरळ कडेच्या उलथन्याने बाहेरच्या बाजूला ओढायचं. थर दीड मिलिमीटरच्या आसपास असावा. ओढताना हात एकदाच फिरवायचा. एकदा साय धरली की त्यावरून पुन्हा उलथनं नेऊ नका, चुण्या पडतात आणि त्या चुणीवरच वडी फाटते. थंड प्रदेशात ग्रॅनाइटचा ओटा गारठलेला असतो. तिथे ओट्यावर थेट पसरण्यापेक्षा ताटं गरम पाण्यातून काढून कोरडी पुसून घ्यावीत.

सणाला माणसं जास्त म्हणून लोक प्रमाण दुप्पट करतात, आणि इथेच घात होतो. पहिली चार ताटं सुरेख निघतात, पुढच्या चारांवर ढेकळं बसतात. दोन वेगळे घाणे करा. वेळ तेवढाच जातो आणि दुसरा घाणा बहुधा पहिल्यापेक्षा चांगला उतरतो, कारण आपली आच किती हे तोवर कळलेलं असतं.

मिश्रण कढईतच घट्ट झालं तर त्यात पाणी घालून रेटत बसू नका. तेल लावलेल्या थाळीत बोटाच्या पेराएवढा, म्हणजे दीडेक सेंटिमीटर जाड थर थापा, वरून खोबरं-कोथिंबीर दाबा, गार झाल्यावर शंकरपाळ्याच्या आकारात कापा आणि फोडणी घाला. या पाटवड्याच झाल्या. विदर्भात त्या रश्श्यात सोडतात, पण कोरड्याही छान लागतात, आणि पाहुण्यांना काही चुकलंय याचा पत्ता लागत नाही.

तक्रार तिसरी: गुठळ्या

बेसन चाळा. आधी फक्त अर्धी वाटी ताक घालून घट्ट, गुळगुळीत पीठ कालवा, मग उरलेलं ताक आणि पाणी थोडं थोडं घालत जा. सगळं पातळ एकदम ओतलं की कोरड्या पिठाभोवती ओला पापुद्रा बसतो आणि आतली गाठ फुटत नाही. कालवलेलं पीठ 15 ते 20 मिनिटं मुरू द्या, मग गाळण्यातून गाळून कढईत घ्या. गॅस लावायचा तो मिश्रण कढईत ओतल्यावर. तापलेल्या कढईत ओतलं की तळाशी लगेच खरपूड धरते. शिजताना गुठळी झालीच तर कढई खाली उतरवून रवीने किंवा हँड ब्लेंडरने घुसळा आणि पुन्हा आचेवर ठेवा.

ज्यांना सतत ढवळणं नको वाटतं त्यांनी कुकर वापरावा. गाळलेलं मिश्रण डब्यात घालून वर घट्ट झाकण ठेवा, नाहीतर वाफेचं पाणी आत पडतं. कुकरमध्ये मध्यम आचेवर तीन शिट्ट्या करा, वाफ आपोआप जिरू द्या. झाकण उघडल्यावर वर पाणी आणि खाली घट्ट पीठ दिसतं. घाबरू नका, रवीने मिनिटभर घुसळलं की एकजीव होतं. मग वरचीच चाचणी आणि लगेच पसरणं. चाचणी इथेही टाळायची नाही. सैल वाटलं तर कढईत काढून मिनिट-दोन मिनिटं आटवावं लागतं.

तक्रार चौथी: गुंडाळताना फाटते

पीठ नीट शिजलेलं असूनही फाटत असेल तर थरात काहीतरी अडकलेलं आहे. मिरचीची एक बी, आल्याचा एक दोरा, कोथिंबिरीचा तुकडा, एवढं पुरतं. तिथून चीर सुरू होते आणि सुरळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाते. आलं-मिरची अगदी बारीक वाटा, थोड्या पाण्यात कालवा आणि त्याचं फक्त गाळलेलं पाणी मिश्रणात घ्या. कोथिंबीर पिठात अजिबात नको, ती आत भरायची किंवा वर घालायची.

दुसरं कारण ताटात असतं. आपल्याकडच्या स्टीलच्या ताटांवर पाठीमागे नाव कोरलेलं असतं, कुणाचं लग्नात आलेलं, कुणाचं मुंजीतलं. त्या कोरलेल्या ठिपक्यांत पीठ शिरतं आणि नेमकं तिथे थर धरून राहतो. गुळगुळीत पाठीची ताटं या कामासाठी वेगळी काढून ठेवा. नाव कडेला असेल तर तेवढा भाग सोडून पसरा.

ताटाला तेल लावायचं की नाही यावर घराघरांत मतं आहेत. आमचं स्पष्ट मत: लावू नये, फार तर तेलाचा बोळा फिरवून कोरड्या फडक्याने पुसून काढावं. तेलाच्या थरावर मिश्रण धरत नाही, उलथन्याबरोबर सरकत राहतं आणि पातळ पसरत नाही. नीट शिजलेली वडी तेलाशिवाय सुटते.

पसरल्यावर पाच ते सात मिनिटं थांबा. हाताला थर कोमट लागला आणि बोटाला काही चिकटलं नाही की सुरीने 5 सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापा. पट्टी लांब असेल तर मधे कापून साधारण 15 सेंटिमीटरची ठेवा, त्याहून लांब पट्टीची सुरळी बोजड होते. घाईने गुंडाळली तर फाटते, अर्धा तास तशीच ठेवली तर कडा वाळून तडकतात. भरायचं खोबरं ताजं, बारीक खोवलेलं असावं. जाड कीस वडीला आतून टोचतो. सारण पट्टीच्या सुरुवातीच्या दोन तृतीयांश भागावरच भुरभुरा, शेवटचा भाग मोकळा ठेवा म्हणजे सुरळी आपोआप चिकटते.

तक्रार पाचवी: पाहुणे येईपर्यंत कोरड्या किंवा ओल्याचिंब

गरम असतानाच डब्यात भरून झाकण लावलं तर वाफेचे थेंब पडतात आणि वड्या लिबलिबीत होतात. उघड्या ठेवल्या तर कडा कडक होतात. आधी पूर्ण गार करा, मग एकाच थरात मांडून वर किंचित ओलं, घट्ट पिळलेलं सुती फडकं घाला.

संध्याकाळी 7 ला माणसं येणार असतील तर 3 वाजता पीठ कालवा, साडेचारपर्यंत सुरळ्या तयार होतात. ताक आणि ओलं खोबरं असलेला पदार्थ ऑक्टोबरच्या उकाड्यात तीन-चार तास बाहेर ठेवू नका, खोबरं आंबतं. बंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा आणि वाढायच्या अर्धा तास आधी काढा. फ्रिजमध्ये स्टार्च घट्ट होतो, म्हणून थेट काढलेली वडी रबरासारखी लागते. अर्धा तास पुरला नाही तर मिनिटभर वाफ द्या. मोठ्या समारंभाला आम्ही तर म्हणू, आत खोबरं भरूच नका. साधी सुरळी करा आणि खोबरं-कोथिंबीर वाढताना वरून घाला. दिसायला फरक पडत नाही आणि टिकण्याची काळजी मिटते.

फोडणी मात्र वाढायच्या पंधरा मिनिटं आधीच. 30 वड्यांना 2 मोठे चमचे तेल, अर्धा चमचा मोहरी, पाव चमचा हिंग, 1 चमचा तीळ, पाच-सहा कढीपत्त्याची पानं. मोहरी पूर्ण तडतडू द्या, तीळ शेवटी, नाहीतर करपतात. खाली उतरवून मिनिटभर थांबा आणि चमच्याने घाला. धुरकट तापलेलं तेल ओतलं की वरची कोथिंबीर काळवंडते. मोठ्या सपाट ताटात, सुरळीची गुंडाळी दिसेल अशा आडव्या मांडा, एकावर एक रचू नका.

कोथिंबीर वडी: मोडते, तेल पिते

दोन्हींमागे पाणी असतं. कोथिंबीर धुऊन फडक्यावर निदान दोन तास पसरा; देठ ओले असताना चिरलेली कोथिंबीर पिठात पाणी सोडतच राहते. बारीक चिरून दाबून भरलेल्या 2 वाट्या कोथिंबिरीला 1 वाटी बेसन, 2 चमचे तांदळाचं पीठ, 1 चमचा तीळ. मीठ, तिखट, हळद, आलं-लसणाचं वाटण कोथिंबिरीला आधी चोळा आणि दहा मिनिटं थांबा. मिठाने तिला पाणी सुटतं, त्यातच बेसन मावेल तेवढं भिजतं. वरून पाणी लागलंच तर चमच्या-चमच्याने. बहुतेक वेळा इथेच सवयीने अर्धी वाटी पाणी ओतलं जातं, मग पीठ वाढवलं जातं आणि वडीत कोथिंबीर नावाला उरते.

तेल लावलेल्या थाळीत किंवा लांबट उंडा करून 15 ते 20 मिनिटं वाफवा. सुरीचं टोक कोरडं निघालं की झालं. आता ती पूर्ण गार होईपर्यंत कापायची नाही. कोमट उंडा कापला की कडा चुरतात, मग तळताना तो चुरा तेलात जळतो. सगळ्यात सोयीचं म्हणजे आदल्या दिवशी वाफवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवणं. सकाळी सुरी लोण्यातून फिरावी तशी फिरते आणि काटकोनी चौकोन निघतात. 2.5 सेंटिमीटरचे तुकडे एका घासाला योग्य.

तेल 170 ते 175 अंशांच्या आसपास हवं. तापमापक नसेल तर पिठाचा कण टाकून बघा: तो तळाशी जाऊन लगेच वर यावा. तेल गार असलं, किंवा पिठात सोडा जास्त पडला, की वडी तेल ओढते. या वडीला सोड्याची गरजच नाही. फ्रिजमधल्या वड्या अर्धा तास आधी बाहेर काढा आणि एका वेळी थोड्याच सोडा, नाहीतर तेलाचं तापमान उतरतं. तळलेल्या वड्या कागदावर ढीग करून ठेवल्या की खालच्या मऊ पडतात. जाळीवर सुट्या ठेवा.

अळूवडी: घसा खवखवतो, तळताना उलगडते

खवखव होते ती पानातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांनी. वडीचं अळू मागावं, काळपट देठाचं. भाजीचं अळू वेगळं. पानाच्या मागच्या जाड शिरा सुरीने सपाट तासा आणि वरून लाटणं फिरवा. पिठात चिंचेचा दाट कोळ हवाच: 1 वाटी बेसनाला निदान 2 मोठे चमचे, आणि तेवढाच गूळ. आंबट घातलं की खवखव कमी होते हा घरोघरचा अनुभव आहे. गूळ वाढवला तर तळताना वडी बाहेरून करपते. वाफ 20 ते 25 मिनिटं द्या. घाईने दहा मिनिटांत काढलेला उंडा हमखास खाजतो.

उलगडण्याचं कारण पातळ पीठ. पानावर फासलेलं पीठ उभं धरलं तरी ओघळता कामा नये. पाच-सहा पानांपेक्षा जास्त थर लावू नका, मोठं पान खाली, प्रत्येक पानाचं टोक उलट दिशेला. दोन्ही बाजू आत मुडपून घट्ट गुंडाळा, सांधा खाली ठेवून वाफवा, गार झाल्यावर 1 सेंटिमीटरच्या चकत्या करा. चकती तेलात सोडल्यावर पहिलं अर्धं मिनिट झाऱ्या लावू नका. कडा कडक झाल्या की मगच उलटा.